मुरमाच्या दांड्यावरचं घरटं

टँकर उलटल्याची बातमी आली तेव्हा आमच्या गावातून आधी कॅन पळाले आणि त्यांच्या मागून माणसं. येरमाळ्याची जत्रा नुकतीच झाली होती, पाव्हणे अजून पुरते परतले नव्हते. हमरस्त्यावरून आमच्याकडं फुटणाऱ्या रस्त्यावर, ओढ्याच्या पुलाचा कठडा तोडून तो टँकर कुशीवर पडला होता. टँकर म्हणजे डिझेल, असा सगळ्यांचा हिशोब. एकजण तर दुधाची किटली घेऊन आला होता. निघालं मात्र काळं तेल. कारखान्यांच्या भट्ट्यांत जाळतात तसलं, काकवीसारखं दाट, आणि वास असा की डोकं धरून बसावं. चालकाला साधं खरचटलंही नव्हतं. तो पुलाच्या सावलीत बसून कुणीतरी दिलेला चहा पीत होता आणि रिकामे कॅन घेऊन उभ्या राहिलेल्या आमच्या लोकांकडं बघत होता. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गावात अंगणवाडी चालवते. पोरांवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी मीठ मागितलं तरी आमचे मालक म्हणतात, भांडतीस कशाला. त्या दिवशी मात्र मी खरोखरच ओरडत होते. कारण ओढा कोरडा असला तरी त्याला उतार होता, आणि उताराच्या शेवटी आमचं तळं होतं.

आमचं तळं उन्हाळ्यात मागं सरकतं. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक काकडी, टरबूज लावतात, त्याला आमच्याकडं गाळपेर म्हणतात. आमच्या घरची गाळपेर ओढ्याच्या तोंडाशीच आहे. तिला लागून मुरमाचा एक लांबट उंचवटा थेट पाण्यात शिरलेला आहे, त्याला सगळे दांडा म्हणतात. त्या दांड्यावर शेकाटे अंडी घालतात. शेकाट्या म्हणजे पांढऱ्या पोटाचा, काळ्या पंखांचा आणि गुलाबी काड्यांसारख्या लांबलचक पायांचा पक्षी. घरटं म्हणाल तर मुरमात केलेला वाटीएवढा खळगा, वर चार काड्या, बस. मधल्या दुष्काळात तळं ठणठणीत आटलं तेव्हा हे पक्षी गेले ते कित्येक वर्षं फिरकलेच नाहीत. पाणी परत आलं तरी ते आले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात कुठं दोन जोड्या आल्या, आणि यंदा दांडाभर घरटी. मी काकड्यांना पाणी द्यायच्या निमित्तानं रोज तिथं जात होते. काकड्या जळाल्या असत्या तरी चाललं असतं, पण ती अंडी फुटून पिल्लं पळताना मला बघायची होती. हे मी घरात कुणाला बोलले नव्हते. चाळिशी उलटलेली बाई पाखरांसाठी जीव टाकते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग तब्येतीची चौकशी करतात.

लोकांनी ओढ्यात मातीचा आडवा बांध घालायला घेतला, पण भर उन्हात तेल पातळ होऊन चालू लागलं होतं. बांध कमरेएवढा होईपर्यंत पुष्कळसं तेल पुढं निघून गेलं. दुपारपर्यंत ते ओढ्याच्या तोंडाशी गाळात पसरलं आणि संध्याकाळी दांड्याच्या एका कडेला त्याची काळी किनार दिसायला लागली.

गावच्या सरपंच म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आरक्षणानं खुर्ची घरात आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई सही करेल आणि भावजी कारभार करतील. पण तिनं पहिल्याच सभेत भावजींना बाहेर चहाला पाठवलं. मी तिला अक्का म्हणते. आमचं पटत नाही असं गाव म्हणतं, ते काही फारसं खोटं नाही. तिचं म्हणणं, मी तोंडाळ. माझं म्हणणं, ती हट्टी. त्या संध्याकाळी तिनं ठरवलं ते असं, की सकाळी सगळ्या गावानं तळ्यावर यायचं आणि तेलाचे गोळे, तेल लागलेले दगड हातानं वेचायचे.

"चुना वेचतो तसं वेचू," ती म्हणाली. "हाताला हात लागला तर दुपारपत्तोर रान साफ हुतंय."

"अक्का, यंत्र यायलंय म्हणतेत. थांबा की जरा."

"यंत्र येस्तवर तेल तळ्यात उतरंल. मग पी तू तेल."

चुना वेचणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे कळायचं नाही. चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या देवीची, म्हणजे आमच्या आईची, पालखी चुन्याच्या रानात जाते आणि तिच्यासोबत आलेली अफाट माणसं वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. देवळाला लागणारा चुना असा माणसांच्या हातांनी गोळा होतो. वाकायचं, हाताला येईल तो खडा घ्यायचा, पुढं सरकायचं. आमच्या गावात तर असंही मानतात की उचललेला खडा परत खाली टाकायचा नाही. तो आईनं दिलेला असतो, परत केला तर तिचा अपमान. आमच्या बायका लहानपणापासून हे करत आल्यात, आणि त्यांचा हात डोळ्याच्या आधी चालतो. अक्का त्यात सगळ्यांत पटाईत.

सकाळी खरंच सगळं गाव आलं. अनवाणी आलं, कारण आईचं काम चपला घालून कोण करेल? कुणी हलगी आणली, कुणी हळदीकुंकू. "आई राजा उदो उदो" म्हणत माणसं गाळात उतरली आणि घमेली भरायला लागली. खोटं का सांगू, माझ्या अंगावर शहारा आला. कालची ती कॅनवाली माणसं ही नव्हेतच असं वाटलं. मीही पदर खोचला आणि वेचायला लागले.

थोड्या वेळानं मी पाठ सरळ करायला उभी राहिले आणि मागं बघितलं. जिथं जिथं आमची पावलं उमटली होती तिथं तिथं पावलाच्या खळग्यात काळं पाणी साचत होतं. गाळावर पापुद्र्यासारखं पसरलेलं तेल आमच्याच पायांनी खाली दाबलं जात होतं. वरचं वेचत होतो आणि खालचं पेरत होतो. मी ओरडले, पण हलगीपुढं माझाही आवाज कमी पडला. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की डोक्यावर शेकाटे घिरट्या घालतायत आणि किक किक किक करून आकांत करतायत. माणसं दांड्यावर चढली होती.

मी पळाले. गाळात दोनदा पडले. दांड्यावर पोचले तेव्हा दोन घरटी पायांखाली जाऊन चिखल झालेली होती. अक्का सगळ्यांत पुढं, वाकलेली, हात भराभर चालतोय. मी तिच्या घमेल्यात बघितलं. काळे दगड, काळे दगड, आणि त्यांच्यात चार दगड जरा जास्तच सारखे. टोकाला निमुळते. मी एक उचलला. तो हलका होता आणि उन्हातल्या दगडापेक्षा वेगळा कोमट होता.

"अक्का, ही अंडी आहेत."

तिनं बघितलं. आधी तिला पटेना. त्या अंड्यांवर मातकट रंगाचे ठिपके असतात, दुरून मुरमाचे खडेच वाटतात. त्यात वरून तेलाचा हात फिरलेला. तेल लागलेला दगड वेचायचा म्हणून तिनं ती उचलली होती, आणि तिचा हात कधी चुकत नाही याचा तिला केवढा अभिमान. तिचा चेहरा मी बघितला. एवढ्या वर्षांत ती माझ्यासमोर कधी घाबरली नव्हती.

"कुठनं उचललीस ध्यानात हाय का?" मी तिला अगं-तुगं करतेय हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

तिला ध्यानात होतं. वेचणाऱ्याला आपली वाट ध्यानात राहते. सगळं गाव बघत असताना ती मागं वळली, खळग्यापाशी बसली आणि ती चारही अंडी एकेक करून परत खाली ठेवली. मागून एक म्हातारी बोललीच, "सरपंचबाई, येचलेलं खाली ठिवत न्हायत." अक्कानं मान वर केली नाही. मग उठून तिनं हलगी बंद करायला लावली आणि सगळ्यांना दांड्यावरून आणि गाळातून बाहेर काढलं. लोक कुरकुरले. अर्धवट टाकलेलं काम अशुभ, असं दोघातिघांनी तिला ऐकवलं. ती "व्हय, व्हय" एवढंच म्हणत राहिली.

दुपारी पाटबंधाऱ्याचे साहेब आले आणि सोबत जेसीबी. साहेब भला माणूस होता, पण घाईत होता. पश्चिमेला ढग जमायला लागले होते, अवकाळीचा इशारा होता. त्यानं सांगितलं ते सरळ होतं. ओढा वाहिला तर बांधाआड अडलेलं आणि कडेला चिकटलेलं सगळं तेल उचलून तळ्यात जाईल. तळ्याच्या भिंतीखाली गावाच्या पाण्याची विहीर आहे, ती गेली की गाव टँकरवर. म्हणून ओढ्याचं तोंड, काठ आणि दांडा, सगळं हातभर खोल खरडून उचलायचं.

"दांडा नको," मी म्हणाले.

"ताई, दांड्याच्या कडेलाच तेल आहे."

"कडेला हाय ना? मग कड घ्या. वर घरटी हायत."

त्यानं अक्काकडं बघितलं. मी पण बघितलं. मला वाटलं, सकाळी जे झालं त्यानंतर ती माझ्या बाजूनं बोलेल.

"गावाचं पाणी मोठं का पाखरं मोठी?" ती मला म्हणाली. "तूच सांग. तुझ्या अंगणवाडीतली लेकरं काय पितील?"

 ती खरं बोलत होती आणि म्हणूनच मला तिचा असा राग आला की मी तिथंच, साहेबासमोर, तिला नको ते बोलले. सकाळी चार अंडी घालवलीत, आता दांडाभर घालवायची का, असं काहीतरी. ते शब्द तोंडातून गेले आणि मागं घेता येईनात. अक्कानं माझ्याकडं पाठ केली. मग साहेबाला म्हणाली, "आधी ओढा घ्या. त्याला उद्या सांजपत्तोर टाईम लागंल. तवर दांड्याची कड आमी हातानं साफ करून दिली तर मशीन दांड्यावर चढवायची न्हाय. न्हाय झाली तर चढवा." साहेबानं आभाळाकडं बघत मान डोलावली.

संध्याकाळी तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आले. काठाला पाणी प्यायलेल्या दोन म्हशी बघायला त्यांना बोलावलं होतं. मी त्यांना दांड्यापर्यंत नेलं. ते दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, पक्ष्यांची पोटं काळी आहेत, अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, तेलानं ती बुजली की आतला जीव गुदमरतो. मला कळेना, एवढ्या उंच पायांच्या पक्ष्याचं पोट तेलाला लागलंच कसं? आणि मग कळलं. मी ते कितीदा बघितलं होतं. वैशाखाच्या तोंडाशी मुरूम तव्यासारखा तापतो, तेव्हा हा पक्षी पाण्यात जाऊन बसतो, पोटाची पिसं भिजवतो आणि ओलेत्यानं येऊन अंड्यांवर बसतो. अंडी गार राहावीत म्हणून. आलटून पालटून, नर जातो, मादी जाते, दिवसभर. आता ते जिथं भिजत होते तिथं तेल होतं, आणि प्रत्येक खेपेला ते थोडं थोडं तेल आणून आपल्याच अंड्यांना लावत होते. मी डॉक्टरांना हे सांगितलं आणि रडले. गुरांच्या डॉक्टरसमोर उभं राहून रडायचं, एवढंच राहिलं होतं.

"त्यांना दुसरं पाणी द्या," डॉक्टर म्हणाले. "जवळ, उथळ. येतील का ते सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही लागलो. गाव नाही, मोजक्या बायका. गाळात पाऊल टाकायचं नाही म्हणून तुराट्यांच्या तट्ट्या आणल्या, त्या गाळावर टाकून त्यांवर गुडघे टेकून काम. तट्टी पुढं सरकवायची, आपण पुढं सरकायचं. खुरप्यानं तेलाचा थर कापून घमेल्यात.  दांड्याच्या पलीकडच्या कोरड्या अंगाला आम्ही उथळ खड्डे केले, त्यात ताडपत्रीचे तुकडे अंथरले, वर मुरूम पसरला आणि घागरींनी स्वच्छ पाणी भरलं. पक्षी तिकडं ढुंकून बघेनात. ते जायचे ते त्याच काळ्या कडेला. मी तट्टीवरून हातवारे करून त्यांना हाकलत होते आणि ते मला शिव्या घालत होते.

ओढ्याच्या तोंडाला आडवं काहीतरी घालायला हवं होतं. तिथं अक्काची अक्कल चालली, हे कबूल करायला हवं. तिनं घरोघरची जुनेरं मागवली, त्यांच्या लांब पिशव्या शिवायला लावल्या आणि त्यांत सोयाबीनची गुळी, मळणीनंतर उरलेला भुसा, ठासून भरली. गुळी तेल पिते आणि तरंगते. बांबूंना बांधून त्या पिशव्या ओढ्याच्या तोंडाला आडव्या टाकल्या, एकामागं एक तीन रांगा. त्यांतल्या एकीवर माझी नजर गेली. माझ्या माहेरून अक्काला मानाची म्हणून दिलेली ती जांभळी साडी.

"ही जुनी झाली का?" मी विचारलं.

"तुज्या माहेरच्या साड्या गुळी भरायलाच बऱ्या," ती म्हणाली. काल दुपारच्या भांडणानंतर आम्ही पहिल्यांदा एकमेकींशी बोललो ते हे.

दुपार कलली तेव्हा कडेचा चौथा हिस्सा राहिला होता आणि आभाळ काळंनिळं झालं होतं. ओढ्यात जेसीबी घरघरत होता, अजून अर्ध्यावर. अक्का मग स्वतः तट्टीवर आली. तिचे गुडघे गेलेले आहेत, मांडी घालून जेवायला बसत नाही ती. माझ्या शेजारी तिनं गुडघे टेकले आणि खुरपं मागितलं.  तिचा हात माझ्या दुप्पट चालत होता, पण आता प्रत्येक दगड उचलण्याआधी ती तो बोटानं फिरवून बघत होती.

शेवटचं घमेलं निघालं आणि पाऊस आलाच. आधी वारा, मग थोड्या गारा, मग धारा. जेसीबीवाला मशीन काठावर घेऊन थांबला. ओढ्यातून आधी पालापाचोळा आला, मग लाल पाणी, आणि त्या लाल पाण्यावर काळे पट्टे. पहिली रांग फुगली आणि एका टोकाला सुटली. आम्ही पाण्यात उतरलो. मांडीएवढं पाणी, पायाखाली काही दिसत नाही, आणि हातात तेलानं बुळबुळीत झालेली साड्यांची वळकटी. अक्का माझ्या वरच्या अंगाला होती. तिचा पाय सुटला तेव्हा मी तिच्या दंडाला धरलं, आणि माझा सुटला तेव्हा तिनं माझ्या वेणीला. वेणीला धरण्याची काही गरज नव्हती असं माझं अजून म्हणणं आहे. दुसरी रांग काळी झाली. तिसरीच्या अलीकडं तेल थोपलं, तिच्या खालून निसटलं ते थोडं, तवंगापुरतं. पाऊस आला तसा गेला. मी दांड्याकडं बघितलं. शेकाटे आपापल्या खळग्यांवर पंख जरा पसरून बसलेले होते, अंगावर गारा झेलून. एकही उठलेला नव्हता.

साहेबानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मशीननं काठ खरडला, ओढ्याचं तोंड खरडलं, दांडा तसाच ठेवला. आणि ऊन परत तापलं तेव्हा एक मादी आमच्या खड्ड्यापाशी उतरली. आधी चोच घातली, मग आत शिरून बसली, पोट भिजवून उठली आणि गेली. तिच्या मागून दुसरी आली. घागरी वाहून वाहून माझे खांदे भरून आले होते, पण त्या दिवशी मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तळं काही आठवड्यात बरं होत नाही. खरडलेला काठ भुंडा दिसत होता. तिथं पूर्वी लव्हाळा होता, त्यात छोटे मासे, बेडूक, पाणकोंबड्या. आमच्याच भागातल्या वाशीकडच्या एका तळ्यावरून आम्ही ट्रॅक्टरभर लव्हाळ्याचे ठोंब आणून लावले, त्यातले निम्मे जळाले, निम्मे धरले. तेलाची माती गायरानावर ढीग करून शेण मिसळून ठेवली, आठवड्याला उलथायची, तेल हळूहळू कुजून जातं म्हणतात. अक्कानं यंदा गाळपेर बंद केली. आधी आमचीच. आमच्या मालकांनी काकडीचे वेल उपटले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू टँकर मीच पाडला.

आणि दांड्यावर अंडी फुटायला लागली. सगळी नाही. कडेजवळच्या घरट्यांतली बरीचशी गेली. पण वरच्या अंगाला एके सकाळी मुरूमच हलतोय असं वाटलं, तर ती पिल्लं. बोटभर लांब पाय आणि त्यावर लोकरीचा गोळा. मी अंगणवाडीतल्या पोरांना भिंतीवर नेऊन दुरून दाखवलं. त्या दिवशी मीही कुणावर ओरडले नाही.

अक्काचं घरटं मात्र फुटलं नाही. अक्काचं म्हणजे तिनं परत ठेवलेली ती चार अंडी. ती जोडी माघारी आली होती आणि त्या अंड्यांवर इमानानं बसत होती. खड्ड्यातल्या पाण्यात भिजून यायची, बसायची, एक उठला की दुसरी. बाकीच्यांची पिल्लं पळायला लागली तरी यांचं चालूच. अक्का रोज संध्याकाळी तळ्यावर यायला लागली. सरपंच म्हणून काम बघायला आले असं सांगायची आणि नजर त्या एका खळग्यावर.

डॉक्टर परत आले तेव्हा तिनं विचारलं, "माझ्या हातानं गेली का ओ ती?"

"तेल आधीच लागलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही उचलली नसती तरी हेच झालं असतं."

तिला ते पटलं नाही, तिच्या तोंडावर दिसत होतं. मग डॉक्टरांनी दुसरं सांगितलं. ही जोडी अशीच बसून राहील, आणखी कित्येक दिवस. मेलेली अंडी त्यांना कळत नाहीत. पण ती अंडी काढून घेतली तर मादी पुन्हा घालू शकते. अजून वेळ आहे, मात्र फार नाही. मृग लागला की पाणी चढेल आणि दांडा बुडेल.

"मग काढा तुमी."

"मला आज परांड्याला जायचंय. तुमच्यापैकी कुणीही काढू शकेल."

ती "उद्या काढू" म्हणाली. उद्याचा परवा झाला. "आजचा दिस बघू, एखादं जित्तं आसंल." मी काही दिवस ऐकून घेतलं आणि मग माझा बांध फुटला. तळ्याच्या भिंतीवर उभी राहून मी तिला म्हणाले, "अक्का, ते पाखरू मेल्या अंड्यांवर उन्हात जळायलंय, आन् तुमाला तुमचं मन दुखायची भीती. गावाच्या पाण्यासाठी दांडा मोडायला निघाला व्हता, तवा न्हाय भ्यालात. द्या, मी काढते."

"तू न्हाय," ती म्हणाली. "म्या ठिवलेली हायत ती."

त्या वेचायच्या सकाळसारख्या तिनं चपला भिंतीवर काढल्या नाहीत, पायातच राहू दिल्या, आणि तट्ट्यांवरून एकटी गेली. मी मागून गेले, पण अंतर ठेवून. ती जवळ पोचताच मादी उठली आणि तिच्या डोक्यावर झेपा घ्यायला लागली. नरही आला. दोघं मिळून कानठळ्या बसतील असं ओरडत होती, एकदा तर पंख तिच्या पदराला लागला. अक्का गुडघ्यांवर बसली. पदर पसरला आणि त्यात एकेक अंडं घेतलं. चौथं घेताना तिचा हात थांबला, मग घेतलं. उठताना तिला उठता येईना, गुडघे धरले होते. मी पुढं गेले तर तिनं हातानंच नको म्हटलं. ती तशीच बसून राहिली आणि ती दोन पाखरं तिच्यावर तुटून पडत राहिली.

"दे शिव्या," ती वर बघून म्हणाली. "दे, माय. दे."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पदर गुंतल्यामुळं ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुसलं नाही. मला तेव्हा तिची इतकी माया आली की मी जवळ गेले असते तर काहीतरी बोलून सगळं बिघडवलं असतं.

अंडी आम्ही लव्हाळ्याच्या नव्या रांगेत पुरली. पक्षी दोन दिवस त्या रिकाम्या खळग्यापाशी उभे राहिले. मग दिसेनासे झाले. अक्का म्हणाली, गेले. मीही मनातून तेच धरलं होतं.

मृगाच्या आधी एका सकाळी मी खड्ड्यांत पाणी भरायला गेले तेव्हा दांड्याच्या अगदी उंच टोकाला मादी बसलेली होती. तीच होती, पोटावरचा काळा डाग अजून पुरता गेला नव्हता. मी अक्काला फोन केला. ती आली, माझ्या शेजारी भिंतीवर टेकली. मादी उठली, पाण्यापाशी आली, भिजली, माघारी गेली आणि पिसं फुलवून, इकडून तिकडून अंग सावरत खाली बसली. दांडा तिथून हाकेवर होता आणि तट्ट्या अजून गाळावर तशाच होत्या. तिच्या पोटाखाली काय आहे ते बघायला आम्ही दोघी गेलो नाही.